पाठ्यक्रमातील ग्रंथनिषेध
पाठ्यक्रमातील ग्रंथनिषेध : शाळा, महाविद्यालय वा विद्यापीठ यांच्या अभ्यासासाठी नेमलेली किंवा विद्यार्थ्यांच्या वाचनासाठी सुचविलेली साहित्यकृती तिच्या आशयाविषयी वा भाषेविषयी आक्षेप निघाल्यामुळे अभ्यासक्रमातून काढून टाकणे, यास पाठ्यक्रमातील ग्रंथनिषेध म्हणता येईल. ग्रंथावरील शासकीय बंदीहून हा प्रकार भिन्न आहे. शासकीय बंदीत ग्रंथाचे मुद्रण, विक्री व प्रसार यांना कायद्याने प्रतिबंध होतो. पाठ्यक्रमातून वगळलेला ग्रंथ मात्र दुकानात व ग्रंथालयात उपलब्ध राहतो. तो वर्गात शिकविला जात नाही व त्यावर परीक्षेत प्रश्न येत नाहीत, एवढेच. या निषेधाचे स्थूलमानाने तीन प्रकार आढळतात : नेमलेला ग्रंथ मागे घेणे, आक्षेपार्ह वाटणारा भाग गाळून ग्रंथ शिकविणे, आणि वाद होण्याच्या शक्यतेने ग्रंथाची मुळातच निवड न करणे. पहिल्या प्रकाराची चर्चा होते, दुसऱ्याची क्वचित होते व तिसऱ्याची नोंदही राहत नाही.

विद्यार्थ्यांनी काय वाचावे, हा प्रश्न शिक्षणविचाराइतकाच जुना आहे. प्लेटोने रिपब्लिक या ग्रंथात राज्यरक्षकांच्या शिक्षणातून होमरच्या काव्यातील काही भाग वगळण्याची सूचना केली आहे. मुलांवर होणाऱ्या संस्कारांची चिंता हे त्याने दिलेले कारण पुढील बहुतेक सर्व निषेधांमागे दिसते. इंग्लंडमध्ये बाउड्लर कुटुंबाने शेक्सपिअरच्या नाटकांची कुटुंबात वाचण्याजोगी, शब्द व प्रसंग गाळलेली आवृत्ती १८०७ मध्ये काढली व १८१८ मध्ये ती वाढविली. शाळेसाठी अभिजात ग्रंथांच्या सोवळ्या आवृत्त्या तयार करण्याची प्रथा त्यानंतर रूढ झाली.

अमेरिकेत हा प्रश्न प्रामुख्याने कादंबऱ्यांच्या संदर्भात उद्‌भवला. मार्क ट्वेनची हकलबरी फिन ही कादंबरी कॉंकर्ड येथील सार्वजनिक ग्रंथालयाने १८८५ मध्ये ग्राम्य म्हणून नाकारली. १९५७ मध्ये न्यूयॉर्क शहराच्या शिक्षण मंडळाने हीच कादंबरी प्राथमिक व कनिष्ठ माध्यमिक शाळांच्या मान्य यादीतून काढली. परंतु त्या वेळी आक्षेप कृष्णवर्णीयांविषयीच्या अवमानकारक शब्दाला होता. एकाच ग्रंथावर दोन काळांत दोन भिन्न दिशांनी आक्षेप येऊ शकतात, याचे हे ठळक उदाहरण होय. हार्पर ली यांची टू किल अ मॉकिंगबर्ड ही वंशभेदाचा निषेध करणारी कादंबरी १९६६ मध्ये व्हर्जिनिया राज्यातील हॅनोव्हर परगण्याच्या शाळा मंडळाने अनैतिक ठरवून काढली. न्यूयॉर्क राज्यातील आयलंड ट्रीज येथील शाळा मंडळाने ग्रंथालयातून काही पुस्तके हलविली, तेव्हा विद्यार्थ्यांनी दाद मागितली. १९८२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, केवळ त्यांतील विचार अप्रिय आहेत म्हणून शाळेच्या ग्रंथालयातून पुस्तके काढता येणार नाहीत, असे बहुसंख्येने पण एकमुखी नसलेल्या निकालपत्रांतून सूचित केले. हा निर्णय ग्रंथालयापुरता होता. अभ्यासक्रम ठरविण्याचा मंडळाचा अधिकार त्याने बाधित झाला नाही. दक्षिण आफ्रिकेत २००१ मध्ये खाउटेंग प्रांताच्या एका समितीने नादिन गॉर्डिमर यांची वर्णद्वेषविरोधी कादंबरी जुलाय्‌ज पीपल शाळांच्या यादीतून वगळण्याची शिफारस केली. जगभरातून टीका झाल्यावर ती मागे पडली.

महाराष्ट्रातील पार्श्वभूमी : मुंबई इलाख्यात एखादी मराठी कादंबरी अभ्यासक्रमातून काढण्याचा प्रश्न निर्माण होण्यापूर्वी मराठी भाषाच उच्च अभ्यासक्रमातून बाहेर पडली होती. मुंबई विद्यापीठाच्या स्थापनेनंतर (१८५७) काही वर्षांतच, १८६० नंतरच्या दशकात, देशी भाषांना पदवी परीक्षांतून वगळण्यात आले. देशी भाषांत अभ्यासास योग्य असे वाङ्‌मय नाही, अशी भूमिका त्यामागे होती. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी या निर्णयाविरुद्ध दीर्घकाळ प्रयत्न केले व १९०१ मध्ये एम्. ए. परीक्षेत मराठीला स्थान मिळाले. या मधल्या काळात बाबा पदमनजी यांच्या यमुनापर्यटनापासून (१८५७) हरि नारायण आपटे यांच्या पण लक्ष्यात कोण घेतो! पर्यंत मराठी कादंबरीची जडणघडण झाली. पण तत्कालीन पदवीधरांनी ती वाचली असल्यास वर्गाबाहेर वाचली.

याच काळात शिक्षण खात्याने जुन्या मराठी वाङ्‌मयाच्या जतनाचे कामही केले. तुकारामांच्या गाथेची विष्णु परशुरामशास्त्री पंडित व शंकर पांडुरंग पंडित यांनी संपादिलेली आवृत्ती शासनाच्या चोवीस हजार रुपयांच्या साहाय्याने इंदुप्रकाश छापखान्यातून १८६९ ते १८७३ या काळात प्रसिद्ध झाली. शिक्षण खात्याचे संचालक अलेक्झांडर ग्रँट यांचा तीत पुढाकार होता. पदवी परीक्षेत मराठीला जागा नाही आणि मराठीतील सर्वश्रेष्ठ काव्यांपैकी एकाच्या प्रकाशनास मात्र राजाश्रय, अशी ही परस्परविरुद्ध स्थिती होती.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी राजद्रोहाच्या कारणाने मराठी ग्रंथांवर थेट बंदी येऊ लागली. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या कीचकवध (१९०७) या नाटकावर १९१० मध्ये बंदी घालण्यात आली. विनायक दामोदर सावरकर यांचा अठराशे सत्तावनच्या उठावावरील ग्रंथ प्रसिद्ध होण्यापूर्वीच १९०९ मध्ये निषिद्ध ठरला. ही बंदी १९४६ मध्ये उठली. विष्णुशास्त्री चिपळूणकर हे स्वतः शिक्षक होते व शासकीय नोकरी सोडून त्यांनी १८८० मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूलची स्थापना केली. त्यांच्या निबंधमालेतील ‘आमच्या देशाची स्थिती’ या निबंधावरही बंदी आली, ती १९३७ मध्ये उठविली गेली. या सर्व बंदीहुकुमांना तारीख होती, कायद्याचे कलम होते व ते उठविल्याचीही तारीख आहे. पाठ्यक्रमातील निषेधाच्या इतिहासात अशा तारखा क्वचितच सापडतात.

नीतीच्या कारणावरून झालेल्या वादांचा प्रवास निराळा आहे. विभावरी शिरूरकर या टोपणनावाने प्रसिद्ध झालेल्या कळ्यांचे निःश्वास (१९३३) या कथासंग्रहाने व हिंदोळ्यावर (१९३४) या कादंबरीने मोठी खळबळ उडाली. लेखिका मालती बेडेकर या शिक्षणक्षेत्रातच काम करीत होत्या व आपले नाव त्यांनी अनेक वर्षे गुप्त ठेवले. बा. सी. मर्ढेकर यांच्या काही कविता (१९४७) या संग्रहावर अश्लीलतेचा खटला भरण्यात आला. त्यातून ते निर्दोष सुटले. पुढे या दोघांचेही लेखन मराठीच्या उच्च अभ्यासक्रमांत समाविष्ट झाले. एका पिढीने तरुणांना अपायकारक मानलेले लेखन पुढच्या पिढीने त्यांच्याच अभ्यासासाठी नेमल्याची ही उदाहरणे आहेत.

शालेय पाठ्यपुस्तके : महाराष्ट्रातील शाळांमध्ये कादंबऱ्यांची स्वतंत्र यादी असण्याची पद्धत सामान्यतः नाही. महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळाची, म्हणजेच ‘बालभारती’ची, स्थापना पुणे येथे २७ जानेवारी १९६७ रोजी झाली. राज्यमंडळाच्या शाळांत भाषेचे अध्यापन मंडळाच्या पुस्तकांतून होते. त्यांत गद्य व पद्य पाठांच्या जोडीला स्थूलवाचनाचे उतारे असतात. कादंबरी विद्यार्थ्यापुढे येते ती बहुधा चार-पाच पानांच्या वेच्याच्या रूपाने. त्यामुळे संपूर्ण कादंबरी वगळण्याचे प्रसंग शालेय स्तरावर फारसे उद्‌भवत नाहीत. वगळण्यासाठी ग्रंथ आधी नेमला गेला पाहिजे. वेचा निवडताना वादग्रस्त भाग टाळणे संपादकांस सोपे जाते आणि निषेधाचा तिसरा, अदृश्य प्रकार येथे घडतो. बारावीच्या इंग्रजी ‘युवकभारती’ या २०२० मध्ये लागू झालेल्या पुस्तकात कादंबरी हा स्वतंत्र विभाग आहे. त्यात ज्यूल व्हेर्न, आर्थर कॉनन डॉइल व इ. आर. ब्रेथवेट यांच्या कादंबऱ्यांतील उतारे आहेत. परंतु विद्यार्थ्यांचा परिचय तेथेही उताऱ्यांपुरताच राहतो.

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या शाळांत मात्र संपूर्ण कादंबरी नेमण्याची प्रथा होती. प्रेमचंद यांची निर्मला ही हुंडा व जरठविवाह यांवरील हिंदी कादंबरी २००३ च्या सुमारास बारावीच्या अभ्यासक्रमातून काढून तिच्या जागी मृदुला सिन्हा यांची ज्यों मेहँदी के रंग ही कादंबरी घेण्यात आल्याने देशभर टीका झाली. २००४ मध्ये प्रेमचंदांच्याच रंगभूमि या कादंबरीच्या प्रती दिल्लीत दलित लेखकांच्या एका संघटनेने जाळल्या. कादंबरीतील अंध भिकारी नायकाचा त्याच्या जातिनामाने वारंवार होणारा उल्लेख अपमानास्पद आहे, असा त्या संघटनेचा आक्षेप होता. एका प्रकरणी ग्रंथ काढल्याबद्दल, तर दुसऱ्या प्रकरणी ग्रंथातील भाषेबद्दल निषेध झाला व दोन्ही वेळा लेखक एकच होता.

न्यायालयीन निर्णय : ग्रंथ व तरुण वाचक यांच्या संबंधाविषयीचा एक महत्त्वाचा निर्णय मराठी कथेच्या निमित्ताने झाला. चंद्रकांत काकोडकर यांची ‘श्यामा’ ही कथा रंभा मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात प्रसिद्ध झाली होती. ती अश्लील असल्याच्या फिर्यादीत मुंबई उच्च न्यायालयाने लेखकास दोषी ठरविले. परंतु सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये त्यांना निर्दोष ठरविले. कृती समग्रपणे पाहिली पाहिजे, हे तत्त्व न्यायालयाने मान्य केले. कामविषयक उल्लेख आहे एवढ्याच कारणाने कादंबरी कुमारांना अयोग्य ठरविली, तर त्यांना कोणतीच कादंबरी वाचता येणार नाही व केवळ धार्मिक पुस्तकांवर समाधान मानावे लागेल, असा अभिप्रायही न्यायालयाने व्यक्त केला.

शासकीय जप्तीविरुद्ध दाद मागण्याचा मार्ग कायद्यातच आहे. फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ च्या कलम ९५ प्रमाणे शासन आपली कारणे नमूद करून ग्रंथ जप्त करू शकत असे व त्याविरुद्ध उच्च न्यायालयाकडे अर्ज करता येत असे. १ जुलै २०२४ पासून ही तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९८ मध्ये आहे. शिवचरित्रावरील जेम्स लेन यांच्या २००३ मधील इंग्रजी ग्रंथाची जप्ती मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१० मध्ये तो निर्णय कायम केला. ग्रंथाविषयी तीव्र लोकक्षोभ असूनही शासनाला आपल्या आदेशाची कारणे न्यायालयापुढे मांडावी लागली व ती तपासली गेली.

सच अ लाँग जर्नी प्रकरण : वरील निर्णयानंतर काही आठवड्यांतच मुंबई विद्यापीठात पाठ्यक्रमातील निषेधाचे राज्यातील सर्वांत गाजलेले प्रकरण घडले. रोहिंटन मिस्त्री (जन्म १९५२) हे मुंबईत वाढलेले व मुंबई विद्यापीठाचेच पदवीधर असून १९७५ पासून कॅनडात स्थायिक झालेले कादंबरीकार होत. त्यांची सच अ लाँग जर्नी ही कादंबरी १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. बुकर पारितोषिकाच्या अंतिम यादीत तिचा समावेश होता आणि कॅनडाच्या गव्हर्नर जनरल पारितोषिकाची ती मानकरी ठरली. मुंबईतील खोदादाद बिल्डिंगमध्ये राहणारा बँकेतील पारशी कारकून गुस्ताद नोबल व त्याचे कुटुंब यांची ही कथा १९७१ च्या बांगला देश युद्धाच्या पार्श्वभूमीवर घडते. तिच्या कथानकात नगरवाला प्रकरणाचा आधार घेतला आहे. कादंबरीतील पात्रांच्या संभाषणात इंदिरा गांधी, शिवसेना व मराठी भाषक यांच्याविषयी कठोर आणि काही ठिकाणी हिणकस उद्‌गार येतात. ते एका आक्रसत चाललेल्या अल्पसंख्य समाजाच्या धास्तीचे व कडवटपणाचे निदर्शक आहेत.

ही कादंबरी मुंबई विद्यापीठाच्या द्वितीय वर्ष कला वर्गाच्या इंग्रजी साहित्याच्या अभ्यासक्रमात काही वर्षे होती. सप्टेंबर २०१० मध्ये भारतीय विद्यार्थी सेना या शिवसेनेच्या विद्यार्थी संघटनेने तिच्यावर आक्षेप घेतला, विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी प्रती जाळल्या व कादंबरी मागे घेण्याची मागणी केली. त्या वेळी सेंट झेव्हिअर्स महाविद्यालयात शिकत असलेले आदित्य ठाकरे यांनी या मागणीचा पुरस्कार केला. कुलगुरू राजन वेळूकर यांनी महाराष्ट्र विद्यापीठ अधिनियम, १९९४ मधील आपत्कालीन अधिकाराचा वापर करून कादंबरी अभ्यासक्रमातून मागे घेतली. या अधिनियमाप्रमाणे पाठ्यपुस्तके सुचविण्याचे काम त्या त्या विषयाच्या अभ्यास मंडळाचे व अभ्यासक्रमास मान्यता देण्याचे काम विद्या परिषदेचे होते. तातडीच्या प्रसंगी कुलगुरूंनी स्वतः कृती करावी व नंतर ती संबंधित प्राधिकरणापुढे ठेवावी, अशी कलम १४(७) ची योजना होती. शैक्षणिक वर्ष चालू असताना आणि काही महाविद्यालयांत कादंबरीचे अध्यापन सुरू झालेले असताना हा निर्णय झाला.

या निर्णयाविरुद्ध अध्यापक, विद्यार्थी व लेखक यांनी सभा घेतल्या व निवेदने काढली. सेंट झेव्हिअर्स महाविद्यालयाचे प्राचार्य फ्रेझर मस्कारेन्हस यांनी निर्णयास जाहीर विरोध दर्शविला. मिस्त्री यांनीही कॅनडातून निवेदन प्रसिद्ध करून विद्यापीठाच्या कृतीबद्दल खेद व्यक्त केला. तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांनी कादंबरीतील भाषा आक्षेपार्ह असल्याचे मत दिले. मात्र शासनाने ग्रंथावर बंदी घातली नाही. त्याची विक्री चालूच राहिली. जप्तीचा आदेश नसल्यामुळे कलम ९५ च्या संदर्भातील न्यायालयीन तपासणीचाही प्रसंग आला नाही.

देहू-चिखली परिसर : अभ्यासक्रमाशी थेट संबंध नसलेले, परंतु संतचरित्रात्मक कादंबरीच्या स्वीकार-अस्वीकाराच्या दृष्टीने महत्त्वाचे प्रकरण पुण्याजवळील इंद्रायणीकाठच्या प्रदेशात घडले. आनंद यादव हे झोंबी या आत्मचरित्रात्मक कादंबरीसाठी १९९० च्या साहित्य अकादेमी पुरस्काराचे मानकरी होत. त्यांच्या संतसूर्य तुकाराम या कादंबरीतील तुकारामांच्या तारुण्याच्या चित्रणावर वारकरी संघटनांनी आक्षेप घेतला. यादव यांनी कादंबरी मागे घेतली व देहू येथे जाऊन क्षमायाचना केली. तरीही विरोध न शमल्याने २००९ च्या महाबळेश्वर येथील साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदाचा त्यांना राजीनामा द्यावा लागला व ते संमेलन अध्यक्षाविना पार पडले. पुण्याच्या न्यायालयाने २०१४ मध्ये त्यांच्याविरुद्ध निकाल दिला.

देहूपासून जवळच, इंद्रायणीच्या काठी असलेले चिखली हे गाव १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत समाविष्ट झाले. औद्योगिक वस्तीमुळे झपाट्याने वाढलेल्या या गावात महानगरपालिकेने जगद्‌गुरू संत तुकाराम महाराज संतपीठ उभारले असून तेथे नियमित शालेय अभ्यासक्रमाबरोबर संतसाहित्याचे व वारकरी संगीताचे शिक्षण दिले जाते. परंपरेनुसार सतराव्या शतकात तुकारामांना आपल्या अभंगांच्या वह्या याच नदीच्या डोहात बुडवाव्या लागल्या. शूद्राने वेदार्थ सांगू नये, हा त्यामागील आक्षेप होता. अधिकाराच्या प्रश्नावरून निषिद्ध ठरलेली ही वाणी त्याच नदीच्या तीरावर शाळेच्या अभ्यासक्रमाचा पाया झाली आहे. गाथेची शब्दकळा अनेक ठिकाणी परखड व क्वचित ग्राम्य आहे. त्यामुळे शालेय संग्रहांसाठी अभंग निवडताना, कादंबरीतील वेचा निवडताना येणारा प्रश्न येथेही येतो.

आक्षेपांचे स्वरूप : पाठ्यक्रमातील ग्रंथांवरील आक्षेप सामान्यतः नीती, धर्मश्रद्धा, समाजाची वा प्रदेशाची प्रतिष्ठा, पूज्य व्यक्तींचे चित्रण आणि अवमानकारक भाषा यांविषयीचे असतात. ते सर्वच निराधार असतात, असे म्हणता येत नाही. स्वेच्छेने वाचलेला ग्रंथ मिटून ठेवता येतो. नेमलेला ग्रंथ परीक्षेसाठी वाचावाच लागतो. जातिवाचक वा वंशवाचक शिवी असलेला उतारा वर्गात मोठ्याने वाचला जातो, तेव्हा त्या समाजातील विद्यार्थ्यास होणारी मानहानी खरी असते. अमेरिकेत २०११ मध्ये हकलबरी फिनमधील तो शब्द बदलून शाळांसाठी आवृत्ती काढण्यात आली, ती याच विचाराने. तथापि ट्वेनची कादंबरी ज्या समाजव्यवस्थेवर प्रहार करते, तिची क्रूरता त्या शब्दातूनच प्रकट होते, हा प्रतिवादही तितकाच बलवान आहे. पात्राच्या तोंडचे उद्‌गार व लेखकाचे मत यांतील भेद ओळखणे, हे साहित्याच्या अध्यापनाचे एक प्रमुख प्रयोजन होय. वादाचा ग्रंथ काढून टाकल्यास, हा भेद शिकविण्याची संधी जेथे सर्वाधिक असते तेथेच ती हुकते.

कार्यपद्धती : अभ्यासक्रम स्थिर नसतो, ठरावीक वर्षांनी ग्रंथ बदलतात व जुना ग्रंथ जाऊन नवा येणे हा निषेध नव्हे. एखादा बदल निषेध आहे किंवा नाही, हे तीन गोष्टींवरून ठरविता येते : निर्णय त्या विषयाच्या जाणकारांच्या मंडळाने घेतला की त्याबाहेरील अधिकाऱ्याने, संपूर्ण ग्रंथ वाचून घेतला की निवडक वाक्यांवरून, आणि नियमित फेररचनेच्या वेळी घेतला की वर्षाच्या मध्यावर. २०१० च्या मुंबई विद्यापीठातील निर्णयात अभ्यास मंडळाचा अभिप्राय आधी घेतला गेला नाही, आक्षेप मोजक्या परिच्छेदांना होता व वर्ष चालू होते. महाराष्ट्र विद्यापीठ अधिनियमाची जागा घेणाऱ्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्येही कुलगुरूंचा आपत्कालीन अधिकार कायम आहे. जप्तीचा आदेश काढणाऱ्या शासनाला कारणे द्यावी लागतात व लेखकाला त्याविरुद्ध अर्ज करता येतो. अभ्यासक्रमातून ग्रंथ मागे घेतल्यास मात्र लेखक, अध्यापक वा विद्यार्थी यांचे म्हणणे आधी ऐकून घेण्याची अशी ठराविक व्यवस्था नाही.